तुळशीरामची भट्टी

साहेब, तुम्ही चूक केलीत आणि ती चूक होती हे तुमच्या तोंडावर कोणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. आयुष्यात एकही खेळ स्वतः न खेळता तुम्ही खेळाची व्याख्या केलीत, खाली सही ठोकलीत, शिक्का मारलात आणि जेवायला गेलात. तो कागद घेऊन वैरागडे जमादार माझ्या कॅफेत आले तेव्हा दुपार होती. लाइट नुकतीच आली होती आणि पोरं आपापल्या मशिनी पुन्हा चालू करत होती.

जमादारांनी टोपी काढून काउंटरवर ठेवली, ग्लासभर पाणी घेतलं आणि कागद उलगडून माझ्यापुढे सरकवला.

"वाचा कुंदाताई. मले तं काई समजून नाई राहिलं."

शेजारच्या जिल्ह्यात एक मुलगा घर सोडून गेला होता. आईबापांनी सांगितलं की कॉम्प्युटरच्या खेळानं त्याचं डोकं फिरलं. पेपरात आलं, आणि आपल्या जिल्ह्याचे साहेब म्हणून तुम्ही आदेश काढलात. ज्या संगणकीय खेळात खेळणारा स्वतःची ओळख सोडून दुसऱ्याची भूमिका घेतो, असे सर्व भूमिका-खेळ सायबर कॅफेंमध्ये बंद. न पाळल्यास परवाना रद्द.

परवाना म्हणजे माझं पोट होतं. मी दहावीनंतर शाळा पाहिली नाही. जिनिंगमध्ये सरकी निवडायचं काम सुटलं, तेव्हा एक बंद पडलेली मशीन घरी आणून उघडली, जोडली, बिघडवली, परत जोडली. कॉम्प्युटर मी असा शिकले. त्याच शिक्षणावर स्टँडमागच्या गाळ्यात कॅफे उभा केला. गावाचं नाव इथं लिहीत नाही. का ते पुढे कळेल.

जमादार म्हणाले, यातले भूमिका-खेळ कोणते तेवढे दाखवा, बंद करतो अन् जातो. चांगला माणूस होता. त्याला खरंच लवकर जायचं होतं. मी म्हटलं, चला, मशिनीमशिनीनं पाहू.

पहिल्या मशीनवर क्रिकेट चाललं होतं. जमादारांनी विचारलं, यात हा पोट्टा कोण होतो? मी म्हटलं, कॅप्टन होतो. ते म्हणाले, एरवी हा कॅप्टन हाय का? मी म्हटलं, एरवी हा अकरावीला आहे आणि वडिलांच्या पानठेल्यावर बसतो. "मंग भूमिका झाली," जमादार म्हणाले आणि त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्या मशीनवर गाड्यांची शर्यत. यातला पोरगा ड्रायव्हर झाला होता, आणि त्याच्याकडं लायसन नव्हतं, म्हणजे जमादारांच्या हिशेबानं गुन्हे दोन. तिसऱ्यावर एकजण एकटाच पत्ते लावत बसला होता. इथं कोणी दुसरं कोणी होत नव्हतं. जमादारांना हायसं वाटलं, पण लगेच त्यांच्या कपाळाला आठी पडली. पत्त्यांच्या जुगाराचा कागद वेगळा होता.

पोरं हसली. जमादारही हसले. मग उरलेल्या मशिनींकडं वळलो. तिथं 'राज्य' चालू होतं.

त्या खेळाचं इंग्रजी नाव कोणाला धड म्हणता यायचं नाही, म्हणून पोरं त्याला राज्य म्हणायची. कॅफेतल्या सगळ्या मशिनी एकमेकींना जोडलेल्या होत्या, आणि नेटवरून बाहेरच्यालाही आत येता यायचं. पडद्यावर एक डोंगराळ मुलूख, त्यात वेशी, बाजार, जंगल. आत शिरताना आपण कोण ते निवडायचं. शिपाई, चोर, वैद्य, लोहार. नाव आपलं आपण ठेवायचं, ते डोक्यावर तरंगत राहायचं. आमची पोरं सगळी शिपाई. कोणी शेर, कोणी डॉन, कोणी राणाजी.

"हा तं हाय ना भूमिका-खेळ? तलवारी हायेत," जमादार म्हणाले.

मी त्यांना सांगितलं की तलवारीनं काही होत नाही, तलवारीचे दुसरे शंभर खेळ आहेत. आकडे वाढण्यानंही होत नाही, आकडे क्रिकेटमध्येही वाढतात. मग ते म्हणाले, मंग कशानं होते ते तरी सांगा, वर काय कळवू मी?

हा प्रश्न मला त्याआधी कोणी विचारला नव्हता, आणि मला त्याचं उत्तर येत होतं. रोज ही पोरं बघून बघून येत होतं. मी म्हटलं, "हे पाहा जमादार. इथं आज तुम्ही चोरी केली, तर उद्या बाजारात दुकानदार दार लावतो. शब्द पाळला, तर अनोळखी माणूस घरात घेतो. खेळ विसरत नाही. नाव काहीही असू द्या. तुम्ही काय केलं ते लोकांनी लक्षात ठेवलं, की तुम्ही ते झालात. असं जिथं होतं तो भूमिका-खेळ. बाकी सगळे नुसते खेळ."

जमादारांनी मान डोलावली. "म्हणजे आमच्या खात्यासारखं. वर्दी चढवली का सलाम. उतरवली का बायको म्हणते, दळण घेऊन या."

काउंटरशेजारी पडदा लावलेली एक लहान केबिन होती. आतला की-बोर्ड खडखडत होता तो क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

त्या केबिनीत ती बसायची. तिचं नाव मी लिहिणार नाही. एकदा लिहिलं गेलं तेवढं पुरे झालं.

बारावी झालेली मुलगी. बाप गेला, आई त्याच्या आधीच गेलेली, म्हणून काकाच्या घरी आणून ठेवलेली. एमएस-सीआयटीचा क्लास म्हणून माझ्याकडं यायची. घरच्यांना वाटलं, क्लास घेणारी बाई आहे, केबिनीला पडदा आहे, ठीक आहे. क्लासचं तिनं भराभरा संपवलं आणि एक दिवस मला विचारलं, ताई, ते बाहेरचे पोट्टे खेळतात त्याच्यात मी गेली तं कोणाले दिसीन का? मी म्हटलं, तू नाही दिसणार. तू ज्याला पाठवशील तो दिसेल.

तिनं तुळशीरामला पाठवलं. पांढऱ्या मिशांचा, चामडी एप्रन घातलेला म्हातारा लोहार. इतकी पोरं खेळायची, पण लोहार व्हायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. लोहाराला लढाई नाही. डोंगरातून लोखंड आणायचं, भट्टी पेटवायची, ठोकत बसायचं. पण शिपायांच्या तलवारी झिजतात आणि तुटतात, तेव्हा जायचं कुठं? महिन्याभरात सगळं सैन्य तुळशीरामच्या भट्टीपुढं रांग लावून उभं. 'तुळशीरामभाऊ, माझी पयले करा.' 'काका, कालची लई झकास झाली.' इंग्रजी अक्षरांत आपली भाषा लिहून पोरं त्याच्याशी बोलत बसायची. तो कोण आहे हे कोणाला माहीत नव्हतं. वर्ध्याचा कोणी असेल, दुसऱ्या कॅफेतून येत असेल, असं पोरं धरून चालली होती. पडद्यामागं, त्यांच्यापासून चार हातांवर की-बोर्ड वाजतोय, तो त्यांच्या लेखी टायपिंगचा क्लास.

मी तिला विचारलं होतं, पोरी, राणी नाही, वैद्यीण नाही, तुळशीरामच का?

"तुळशीरामले कोणी पाणी आण म्हणत नाई," ती म्हणाली.

त्या सैन्यात तिचा चुलतभाऊही होता. त्याला मी रोशन म्हणते. घरात तो तिच्याशी बोलायचा नाही, काम सांगायचा. इथं त्याचा शिपाई शेर, आणि शेरचा सगळ्यात लाडका माणूस तुळशीरामकाका. कॉलेजात गणिताच्या पेपरात तो उडाला ते त्यानं घरी सांगितलं नव्हतं, तुळशीरामला सांगितलं. काका, बाप मारून टाकीन मले. तुळशीराम ठोकता ठोकता म्हणाला, तुझा बाप जेवताना शांत असते का? असते. मग उद्या जेवताना सांग, पोट भरू दे आधी.

दुसऱ्या दिवशी घरी तिनं काकाच्या आवडीचा पाटोडीचा रस्सा केला. काका दोनदा वाढून घेईपर्यंत तिनं रोशनकडं पाहिलंही नाही. मग रोशननं सांगून टाकलं. काकानं बोटं चाटली आणि म्हणाला, पुन्हा बस परीक्षेले. एवढंच. त्या दुपारी शेर धावत भट्टीवर आला आणि म्हणाला, काका, तुम्ही देव हाय. तिनं मला हे सांगितलं तेव्हा हसू आवरेना म्हणून ओढणी तोंडात धरली होती.

तर जमादार. माझ्याच फोनवरून त्यांनी तुमच्या कार्यालयात विचारलं. तिकडच्या बाबूनं तुम्हाला विचारलं. तुम्ही काय उत्तर दिलंत ते आठवतं का तुम्हाला? नसेल. मला शब्दन् शब्द पाठ आहे. खेळणारा स्वतःच्या संपूर्ण नावाने खेळत असल्यास ती भूमिका ठरत नाही, सबब तसे करून घ्यावे.

जमादारांनी फोन ठेवला तेव्हा ते खुशीत होते. त्यांना वाटलं त्यांनी माझा कॅफे वाचवला. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. ठरलं असं की उद्यापासून प्रत्येकानं डोक्यावर आपलं खरं नाव लावायचं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. जमादार स्वतः येऊन बघणार होते.

पोरं गेल्यावर मी पडदा सरकवला. म्हटलं, तू काही दिवस बसू नकोस. जमादार विसरतील, मग तुळशीरामला परत आणू. नाहीतर एखादं खोटंच नाव टाकू, कोण बघतंय?

तिनं मशीनवरच्या भट्टीकडं पाहत विचारलं, "नाव बदललं तं भट्टी राहते ना? अन् लोखंड?"

"सगळं राहतं. फक्त नाव बदलतं."

"मंग झालं तं. मी माझं लिहितो. पूर्ण. त्या घरी माझ्या बाबाचं नाव कोणी घेत नाई, ताई. निदान म्हाताऱ्याच्या डोक्यावर तरी राहीन."

मी म्हटलं, अगं, रोशनला कळेल.

"कळू द्या. तुम्हीच तं जमादाराले सांगितलं. नाव काईबी असू द्या, केलं ते लोक लक्षात ठेवतात. तुळशीरामनं त्याचं वाईट केलं का?"

"ते मी खेळातलं बोलले."

ती माझ्याकडं पाहून हसली. "मी बी खेळातलंच बोलून राहिली."

दुसऱ्या दिवशी जमादार स्टुलावर बसले, हातात चहा. पोरांनी कुरकुर केली, पण नावं बदलायला लागल्यावर त्यांना त्यातच मजा यायला लागली. डोक्यावर बापांची नावं तरंगायला लागली ना. अबे, तुझ्या बापाचं नाव गुलाब हाय? शांत बस, तुझ्या बापाचं तं झिंगराजी हाय. शेर मेला आणि तिथं रोशन उभा राहिला, वडिलांच्या नावासकट. सगळे हसत हसत भट्टीवर पोचले, कारण वेशीवर मोठी लढाई लागणार होती आणि अर्ध्यांच्या तलवारी मोडलेल्या होत्या.

म्हातारा ठोकत होता. पांढऱ्या मिशा, चामडी एप्रन. आणि त्याच्या डोक्यावरची तुळशीराम ही अक्षरं गेली, त्या जागी तिचं नाव आलं. तिचं, तिच्या बापाचं, आडनाव. प्रत्येक मशीनवर.

कॅफेतले सगळे की-बोर्ड थांबले. एकानं ते नाव हळू आवाजात वाचलं. दुसरा म्हणाला, तुळशीराम कुठं गेला बे? मग त्यानं आडनाव पाहिलं, शेजारच्या शिपायाचं आडनाव पाहिलं आणि मान वळवून रोशनकडं पाहिलं.

भट्टीवरून ओळ आली. कोणाची तलवार पयले?

मी काउंटरवरच्या मशीनवर बघत होते. मग एकानं लिहिलं. कोणी ते मला माहीत आहे, पण तो मुलगा आता दोन लेकरांचा बाप आहे, जाऊ द्या. त्यानं लिहिलं, 'ए, पाणी आण.'

सगळे हसले. आदल्या दिवसापर्यंत ज्याला भाऊ, काका म्हणत होते त्याच्यापुढं उभे राहून हसले. म्हातारा तोच, भट्टी तीच. यांच्या कमरेच्या तलवारीसुद्धा त्यानंच केलेल्या.

रोशन हसला नाही. तो उठला. त्याचे कान लाल झाले होते. त्यानं पडदा बाजूला केला.

"तू व्हय?" तो म्हणाला. "मी तुले सारं सांगितलं."

"मी कोणाले नाई सांगितलं, दादा."

"घरी चाल."

"थांब ना. तुझीच तलवार हाय भट्टीत. पाणी द्यायचं तेवढं बाकी हाय."

लालभडक पातं पाण्यात बुडवलं की तलवार पक्की होते, नाहीतर पहिल्या घावात वाकते. राज्यातही तसंच होतं. रोशननं हात लांब करून मशीनचं बटण दाबलं. पडदा काळा झाला. त्यानं तिचा दंड धरला. चप्पल घालायलाही त्यानं तिला थांबू दिलं नाही.

मी आडवी आले. माझ्या क्लासची मुलगी आहे, म्हटलं, क्लासची वेळ संपली की जाईल. रोशन माझ्या बाजूनं निघून गेला, जसं काही तिथं खुर्ची ठेवली होती. मी जमादारांना म्हटलं, थांबवा त्याला. जमादार उठले होते. त्यांनी चहाचा ग्लास ठेवला आणि टोपी डोक्यावर चढवली, मला वाटलं आता पुढं होतील.

"घरचा मामला हाय, ताई," ते म्हणाले. "मी काय म्हणू?"

ती दोघं रस्ता ओलांडून गेली. तिच्या चपला केबिनीत राहिल्या.

मी चपला घेऊन तिच्या घरी गेले. काकूनं दारातूनच घेतल्या. म्हणाली, ती मामाच्या गावी गेली. परत गेले तेव्हा म्हणाली, सोयरीक जुळून राहिली, आता तिचा कॉम्प्युटर बस झाला. तिसऱ्यांदा गेले तेव्हा दार उघडलं नाही. ठाण्यात गेले. तिथं त्यांनी विचारलं, तुमची कोण लागते? मी म्हटलं, कोणी नाही. ते म्हणाले, मग?

पोरं काही दिवस आली. तलवारी तुटल्या, जोडणारा कोणी नव्हता. लोहार व्हायला एकही तयार झाला नाही. रिकाम्या भट्टीपुढं आपापल्या बापांची नावं डोक्यावर घेऊन उभी राहायची, मग उठून क्रिकेट लावायची. रोशन एकदाच आला. खेळायला नाही. काउंटरवर वाकून त्यानं विचारलं, ती माझं काही तुम्हाले बोलली होती का? मी म्हटलं, पाटोडीचा रस्सा कोणी केला होता ते आठव. त्यानं खाली पाहिलं आणि गेला. मग कधी आला नाही.

तुमचा आदेशही दिवाळीच्या आत गुपचूप रद्द झाला. कोणीतरी कोर्टात गेलं होतं म्हणे. वैरागडे जमादार मला सांगायला आले, आता काईबी नाव टाकू शकता. त्यांना माझ्याकडं पाहता येत नव्हतं. मी त्यांना पाणी दिलं.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी, अमरावतीकडं जाताना मधल्या एका स्टँडवर मी गाडीची वाट बघत होते. समोरच्या बाकावर एक म्हातारी, तिच्या शेजारी डोक्यावर पदर घेतलेली सून, मांडीवर झोपलेलं पोर.

"वैष्णवी, बाटली भरून आण," म्हातारी म्हणाली.

सून उठली. पोर सासूकडं दिलं. चेहरा वळला तेव्हा मी ओळखलं. नाव मात्र मी ओळखलं नव्हतं. मी नळाजवळ जाऊन उभी राहिले. तिनं मला पाहिलं, बाटली नळाखाली धरली आणि बाटलीकडंच बघत बोलली.

"ताई, रोशनदादाच्या तलवारीले पाणी देणं राहूनच गेलं."

मी विचारलं, "वैष्णवी कोण?"

"मीच. लग्नात नवं नाव तांदळात लिहिलं ना, तवा मले बी पयल्यांदा कळलं. पयलं नाव इकडं कोणाले माहीत नाई. बाबाचं तं गेलंच."

बाटली भरून वाहायला लागली होती. मी म्हटलं, भट्टी आहे अजून. ती मशीन मी विकली नाही. तू कधीही ये.

"कोण म्हणून येऊ?" ती म्हणाली. तिनं झाकण लावलं. मागून पुन्हा ती हाक आली, वैष्णवी, आणि ती 'आली, आई' म्हणून गेली. त्यांची गाडी आधी लागली.

साहेब, तुमच्या कागदाची झेरॉक्स माझ्याकडं आहे. त्यात लिहिलं आहे, स्वतःची ओळख सोडून दुसऱ्याची भूमिका. तिला दुसरं नाव दिलं. दुसरं घर दिलं. सकाळी उठल्यापासून काय करायचं आणि कोणाच्या हाकेला ओ द्यायची ते ठरवून दिलं. बाहेर पडायचं बटण कुठं आहे ते सांगितलं नाही. आणि तिनं काय काय केलं, त्यातलं एकही कोणी लक्षात ठेवलं नाही. हा खेळ तुमच्या व्याख्येत बसत होता का? बसत होता, तर तो बंद करायला एकही जमादार का निघाला नाही? बसत नव्हता, तर माझ्या कॅफेतला तो म्हातारा कोणता गुन्हा करत होता?

मशीन अजून चालू होते. म्हाताऱ्याच्या डोक्यावर अजून तिचं, तिच्या बापाचं नाव आहे आणि भट्टीत पातं लाल आहे. ती आली, तर तिला मी कोणत्या नावानं बसवू?

तोंडी नको, बाबूकडून नको. तुम्ही स्वतः लिहा आणि खाली सही-शिक्का करा. मी वाट बघते आहे.